करिश्मॅटिक म्हणजे करिश्मावाले नव्हे हो!

प्रश्न असा आलाय: "नागपूरला सदरमध्ये राहते. माहेर कॅथलिक, सासर पेंटेकॉस्टल. सासरी प्रार्थनेत सगळे टंग्समध्ये बोलतात, तर याला मराठीत 'जिभांनी बोलणे' म्हणायचं की 'अन्य भाषा'? आणि करिश्मॅटिक हा शब्द करिश्मावरूनच आलाय ना?"

(टंग्स म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या, बहुधा न कळणाऱ्या भाषेत बोलणं; पेंटेकॉस्टल आणि करिश्मॅटिक ख्रिस्ती ते पवित्र आत्म्याचं दान मानतात.) दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण तो ऐकला की माझं डोकं फिरतं. नाही आला. करिश्मा आपल्याकडे फारसीतून हिंदी-उर्दूमार्गे आला, फारसीत त्याचा अर्थ नखरा, डोळ्यांनी केलेला इशारा, आणि पुढे जाऊन त्याचाच चमत्कार झाला. करिश्मॅटिक आला ग्रीक 'खारिस्मा'वरून, म्हणजे देवानं आपणहून दिलेलं दान. एक इराणचा, एक ग्रीसचा, चेहरा तेवढा सारखा, आणि आमचे पेपरवाले 'करिश्माई नेतृत्व' छापून दोघांना एकाच रेशनकार्डावर चढवून मोकळे. बरं, नेत्याला हा ग्रीक शब्द चिकटवला समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं, आणि त्यानं तो उचलला रुडॉल्फ झोम नावाच्या चर्चच्या कायद्याच्या अभ्यासकाकडून. म्हणजे माल मुळात चर्चचाच, संत पौलाच्या पत्रांतला. मागं एका बॅनरवर 'करिश्माई प्रार्थना सभा' वाचलं. नखरेल प्रार्थना सभा! काऊन बाप्पा असं करता?

आता जिभांचं पटकन. 'जिभांनी बोलणे' हा मोबाईलमधल्या भाषांतराचा प्रताप आहे. ग्रीक 'ग्लोस्सा' म्हणजे जीभ पण आणि भाषा पण, इंग्रजी टंगचंही तेच. मराठीत जीभ सैल सुटते, लांब होते, हाड नसल्यासारखी चालते, पण जीभ म्हणजे भाषा होत नाही. मराठी बायबलात 'अन्य भाषा' आहे, तेच म्हणा. (ग्लोस्साचं मूळ नातं कणसाच्या टोकदार कुसळाशी लावतात, ते फार सुंदर आहे, पण त्यात शिरलो तर रात्र होईल.) फक्त एवढं लक्षात ठेवा की प्रेषितांची कृत्ये २:४ मध्ये 'अन्य' हा शब्द ग्रीकमध्येच आहे, पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौल बहुतेक ठिकाणी नुसतंच 'ग्लोस्सा' म्हणतो. तिथला 'अन्य' भाषांतरकारांचा. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलवाल्यांनीही तिथं 'अननोन' घातला, पण निदान वेगळ्या टायपात छापून कबूल तरी केलं.

आणि प्रकारही दोन आहेत. पेंटेकॉस्टच्या दिवशी (पेंटेकॉस्ट म्हणजे पन्नासावा, ग्रीक पेंटेकोंटा आणि संस्कृत पञ्चाशत् सख्खे भाऊ) येरुशलेमात बाहेरगावच्या यात्रेकरूंना आपापली भाषा ऐकू आली. करिंथमध्ये मात्र कोणालाच कळेना, म्हणून पौलानं नियम घातला की दोघं, फार तर तिघं, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा पाहिजे. हे दोन प्रकार एकच समजले की काय होतं ते गार दांपत्याला विचारा. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये त्यांना हे दान मिळालं, आपल्याला बंगालीच मिळाली अशी खात्री धरून ते कलकत्त्याला येऊन उतरले, आणि बंगाल्यांना एक अक्षर कळलं नाही. पण हे सगळं अमेरिकेतूनच आलं असंही म्हणू नका, आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधली जागृती १९०५ ची आहे आणि तिथल्या मुलीही अशा बोलू लागल्याच्या नोंदी आहेत.

आता माझ्या आवडीचं. प्रश्नात विचारलं नाही, पण सासरी तुम्ही ऐकतच असाल: "तिला अन्य भाषेचं वरदान आहे." हे वरदान हिंदी बायबलातून आलं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या, पुढे मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं, इकडे निम्मी प्रार्थना हिंदीत होऊन राहिली, त्यामुळे दोष देत नाही, पण शब्द उलटा आहे हो! वर येतो 'वृ' धातूवरून, वृ म्हणजे निवडणे. वधूवरांतला वरही निवडलेलाच. वर कसा मिळतो? एका पायावर उभं राहून तप करा, देव प्रसन्न झाला की हवं ते निवडून मागा. रावणानं मागितला, भस्मासुरानं मागितला. खारिस्मा नेमका याच्या विरुद्ध. पौल करिंथकरांच्या त्याच पत्रात १२:११ मध्ये म्हणतो की आत्मा आपल्या मर्जीनं ज्याला त्याला वाटून देतो. निवड देणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही.

मराठी बायबलातलं 'कृपादान' पुष्कळ बरं. पण तिथंही माझी कुरकूर आहे. कृपा ज्या धातूतून येते त्यात मुळात कळवळा आहे, शोक आहे. आणि खारिस्मा ज्यातून आला ते 'खारिस' आलंय 'खैरो'वरून, खैरो म्हणजे आनंद होणे. त्याचा संस्कृत नातेवाईक 'हर्यति', आवडीनं घेणे, वेदात सापडतो. (हर्ष नव्हे! लगेच कोणीतरी हर्ष घेऊन येईल. हर्षाचा धातू वेगळा, त्यात अंगावर काटा उभा राहतो, म्हणून रोमहर्ष.) म्हणजे खारिस्मा हे कीव येऊन दिलेलं दान नाही, खूश होऊन दिलेलं आहे. देणारा प्रसन्न होतो आणि देतो, त्याला आपल्याकडे शब्द काय? प्रसाद. जुन्या मराठीत पसाय. आणि पसायाचं दान?

पसायदान! शाळेत रोज हात जोडून म्हटलं आपण. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, खारिस्माचं भाषांतर करून ठेवलं होतं, कोणी मागायच्या आधी. ओवी बघा: विश्वात्मक देवानं 'वाग्यज्ञें तोषावें', आणि 'तोषोनि' द्यावं ते पसायदान. तोषणं म्हणजेच खैरो. आणि यज्ञ कशाचा, तर वाचेचा! मी सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) घरात वाढलो, पण हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी सीताबर्डीच्या बसस्टॉपवर मी दोन बस सोडल्या.

यावर एका निवृत्त मराठीच्या सरांनी मला सुनावलं की ज्ञानेश्वरही मागतातच की, मग तुझं 'वर मागावा लागतो' कुठं गेलं. सर, ते स्वतःला मागत नाहीत, 'जो जें वांच्छील तो तें लाहो' म्हणतात. पौलही १२:७ मध्ये म्हणतो दान मिळतं ते सगळ्यांच्या हितासाठी. मग त्यांनी १४:१३ काढलं, अन्य भाषा बोलणाऱ्यानं अर्थ सांगता यावा म्हणून प्रार्थना करावी. तिथं मी जरा अडकलो, मान्य. पण म्हणून वरदान बरोबर होत नाही. आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती हे सगळ्याचं मूळ हिंदू म्हणणाऱ्या पु. ना. ओकांचं ज्यांना पटतं त्यांनी कृपा करून (की पसाय करून) या चर्चेत खारिस म्हणजे हरि असं काही आणू नये.

तुमच्या घरातला खरा घोळ वेगळाच असणार, दान किती यावर. आई सात म्हणते, सासू नऊ. दोघी बरोबर! कॅथलिकांची सात दानं यशयाच्या ११व्या अध्यायातली, ज्ञान, सामर्थ्य, देवाचं भय वगैरे (हिब्रूत सहाच, सातवं ग्रीक आणि लॅटिन भाषांतरात आलं), ती दृढीकरणात (कन्फर्मेशनच्या संस्कारात) पक्की होतात. सासूची नऊ करिंथकरांच्या १२व्या अध्यायातली, तिथं अन्य भाषा येते. असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत अन्य भाषा ही पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली खूण. कॅथलिक करिश्मॅटिकही बोलतात, त्यांचं १९६७ ला पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातून सुरू झालं, पण त्यांच्यात ते नसलं तरी कोणी कमी ठरत नाही. आमचं सीएनआय, जे इथंच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला जन्मलं, त्यात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या, त्यामुळे या विषयावर आम्ही बहुतेक चहाच पितो. आणि बुलढाणा-वाशिमकडचे नाझरीन? त्यांच्या मंडळीच्या नावात आधी चक्क 'पेंटेकॉस्टल' होतं, लोक आपल्याला टंग्सवाले समजतात म्हणून १९१९ मध्ये अमेरिकेत त्यांनी तो शब्दच काढून टाकला. एका शब्दासाठी पाटी बदलली, अशी माणसं मला आवडतात.

शेवटचं, सासरी जाताय तर माझं एक काम करा. विल्यम सॅमरिन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये दाखवलं की अन्य भाषेतले ध्वनी साधारण बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतलेच असतात. मग मराठी माणसाच्या अन्य भाषेत 'ळ' यायला पाहिजे की नाही? मी एका सभेत मागच्या खुर्चीवर तासभर कान लावून बसलो, श आणि र भरपूर, ब पण, एकही ळ नाही. तुम्हाला ऐकू आला तर कळवा.