ॲरिझोनाच्या वाळवंटात पहिला हिवाळा काढणाऱ्या जोडप्यासाठी

निवृत्तीनंतर गाडीतच संसार थाटण्याचा तुम्हा दोघांचा बेत पक्का असेल, तर पहिला हिवाळा क्वार्ट्झसाइट गावाच्या आसपास काढावा, असे मी सुचवीन. तेथील बहुतेक सरकारी जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवसच विनामूल्य मुक्काम करता येतो आणि मग सुमारे ४० किलोमीटर दूर जावे लागते. ही उठबस नको असेल, तर गावाच्या दक्षिणेस असलेल्या ला पोसा तळाचा परवाना काढावा, म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल निर्धास्त राहता येते आणि पाणी भरण्याची व सांडपाणी सोडण्याची सोयही मिळते.

खरी कसोटी पाण्याची असते. पिण्यासाठीच माणशी रोज चार लिटर धरा. ताटे आधी कागदाने पुसून मग फवाऱ्याच्या बाटलीने विसळली, तर दोघांची भांडी फार थोड्या पाण्यात निघतात. वाळूचा सपाट, कोरडा ओढा मुक्कामाला कितीही सोयीचा दिसला, तरी तेथे गाडी लावू नका, कारण दूरच्या डोंगरावर पाऊस झाला की डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो.

रात्री चांगलीच थंडी पडते. तरीही ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवणे जिवावर बेतू शकते, त्यापेक्षा जाड रजया घ्या. इतक्या अरुंद जागेत रुसायलाही कोपरा उरत नाही, हे ध्यानात ठेवून बाहेर मांडायला दोन खुर्च्या आणि वाऱ्यात टिकेल असे छत मात्र आवर्जून न्या.