कोल्हापुरात आयटीआय (इलेक्ट्रिशियन) करतोय. ट्रेन ड्रायव्हर होण्यासाठी वेगळा कोर्स लागतो का?

नाही, बाहेरचा कुठलाच कोर्स लागत नाही. दहावी आणि मान्य ट्रेडमधला आयटीआय पुरतो, इलेक्ट्रिशियन त्यात बसतो. तेव्हा 'लोको पायलट (म्हणजे ट्रेन ड्रायव्हर) कोर्स' म्हणून कुणी फी मागितली तर सरळ घरी या. माझा चुलतभाऊ कळंब्याच्या आयटीआयमधूनच लागला, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. थेट ड्रायव्हर कुणीच होत नाही, भरती असिस्टंट लोको पायलट म्हणून होते. रेल्वे भरती मंडळाच्या संगणकावर द्यायच्या दोन परीक्षा आणि त्यानंतर अभियोग्यता चाचणी. या चाचणीतल्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर (इतर उमेदवारांच्या तुलनेत काढलेले गुण) लागतो, आरक्षणातही त्यात सूट नाही.

निवडीनंतरचं प्रशिक्षण रेल्वेच देते. त्यात शिकवतात ते साधारण असं:
- सिग्नल आणि गाडी चालवण्याचे नियम (हे अक्षरशः पाठ लागतात)
- एअर ब्रेक, इंजिनातला बिघाड शोधणं
- मार्गाची ओळख

शेवटचं लोकांना माहीतच नसतं. कोल्हापूर-मिरज सपाट, पण पुढे पुण्याकडे शिंदवणे घाट आहे. चढ, उतार, वळण, सिग्नल कुठे येतो हे अनुभवी चालकासोबत फेऱ्या मारून डोक्यात बसल्याशिवाय त्या मार्गावर गाडी हातात देत नाहीत. मग शंटिंग (यार्डात डबे-इंजिन हलवणं), मालगाडी, पॅसेंजर, आणि बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मीसारखी एक्सप्रेस.

फक्त एक: अभ्यासाला बसण्याआधी डोळे तपासून घ्या. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ हवेत, रंगांधळेपणा चालत नाही आणि लेसिक (चष्मा घालवायची लेझर शस्त्रक्रिया) केलेलं असेल तरी बाद.