काबरी पिसं, बुटका तुरा आणि घणसोलीतला वाद

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही घणसोली गावठाणात राहतो, घरामागे थोडी जागा आहे. तिथे आमचा आठेक महिन्यांचा कोंबडा आहे. शेजारच्या मावशींनी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली अंडी ठेवली होती, त्यातली पाच पिल्लं आम्हाला दिली, दोन नर आणि तीन तलंगा (तरुण कोंबड्या). हा कोंबडा त्यातलाच एक. दोन्ही नर काबरे निघाले, म्हणजे छातीला आणि शेपटीला काळे-पांढरे पट्टे, मान तांबूस आणि पट्टे तिथे पुसट. तलंगा मात्र साध्या तांबड्या. ह्याचा तुरा एकदम बुटका, गळ्याखालचे लोंबते कल्ले जवळजवळ नाहीतच, पाय पिवळे, चाल ताठ. एक जण म्हणतो कडकनाथ क्रॉस आहे, दुसरा म्हणतो प्युअर असील, म्हणजे झुंजीची जात, पाच हजार देतो. सासरे म्हणतात गावरान आहे, गटारी जवळ आली. नक्की काय आहे हा?

उत्तर: ताई, आधी सासऱ्यांना थांबवा, मग बाकीचं बघू. 

तसं सासऱ्यांचं अगदी चूक नाहीये, पण गावरान ही काही एक जात नाही, गावात पिढ्यान्‌पिढ्या मोकळं फिरून जे काही मिसळलं त्या सगळ्याला आपण गावरान म्हणतो. आणि आता तर गिरीराज, वनराज, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) अशी सुधारित जातींची पिल्लं टेम्पोतून गावोगाव विकली गेलीयेत, त्यांचं रक्तही त्यातच आलं. म्हणून पिसांचा रंग बघून जात सांगणाऱ्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. तुरा, पाय, कातडी आणि भावंडं बघायची.

कडकनाथ पटकन निकालात काढू. मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून काळं पीस दिसलं की लोकांना कडकनाथच दिसतो. पण त्याचा काळेपणा पिसापुरता नसतो, कातडी, जीभ, तुरा, आतलं मांससुद्धा काळपट असतं आणि हा गुण पहिल्या पिढीच्या क्रॉसमध्येही सहसा कुठे ना कुठे डोकावतो, नरात जरा फिका असू शकतो एवढंच. कोंबड्याची चोच उघडून टाळू बघा, पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करून कातडी बघा. टाळू गुलाबी, कातडी पिवळसर आणि तुरा लालभडक असेल तर कडकनाथ विसरा. शिवाय पाय स्वच्छ पिवळे आहेत म्हणताय, कातडीखाली काळा रंग असता तर त्या पिवळ्यावर ते हिरवट दिसले असते.

आता तुरा, इथे खरी मजा आहे. आपल्या नेहमीच्या कोंबड्याचा तुरा एकेरी, उभा, करवतीच्या पात्यासारखा. असीलचा डोक्याला चिकटलेला, तीन बुटक्या रांगांचा, त्याला वाटाणा तुरा म्हणतात आणि तो घडवणारा जीन कल्लेही छोटे करतो, म्हणून तुमच्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र दिसतायत. ह्या जीनची एकच प्रत असली तरी तुरा बुटकाच होतो, पण नीट तीन रांगा न होता मधली रांग जरा उंच, वाकडीतिकडी राहते. सकाळी उजेडात डोक्यावर बोट फिरवून बघा. मधली धार वर आलेली असेल तर आईबापातल्या एकाकडूनच वाटाणा तुरा आलाय, दुसऱ्याकडून एकेरी तुऱ्याचा जीन आलाय, म्हणजे प्युअर असीलचा दावा तिथेच गेला. पट्टे तर तसंही प्युअर असीलच्या बाजूने बोलत नाहीत.

पट्ट्यांचं गणित अजून भारी आहे. हा जीन नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतो, नरात झेड दोन आणि मादीत एकच. त्यामुळे काबरी आई आपला पट्ट्यांचा जीन सगळ्या मुलांना देते, मुलींना एकीलाही नाही, मुलींचा झेड बापाकडून येतो. तुमच्याकडे दोन्ही नर काबरे आणि तिन्ही तलंगा साध्या, हे तंतोतंत काबऱ्या आईचं चिन्ह आहे. बाप काबरा असता तर तलंगांमध्येही पट्टे दिसायला हवे होते. अर्थात खुडूक कोंबडीखाली तीन-चार जणींची अंडी एकत्र ठेवायची आपल्याकडे सवय असते, त्यामुळे पाच पिल्लांवरून मी पैज लावणार नाही, मावशींना विचारा की त्यांच्याकडे किंवा गल्लीत काबरी, एकेरी तुऱ्याची कोंबडी आहे का, आणि त्यांच्याकडे फिरणारा कोंबडा बुटक्या तुऱ्याचा, लांब मानेचा आहे का. दोन्ही हो असेल तर माझं उत्तर असं: बाप असील वळणाचा, आई काबरी, तिच्यात कुठेतरी प्लायमाउथ रॉकसारख्या पट्टेरी विदेशी जातीचं रक्त असू शकतं, पण देशी कोंबड्यांतही काबरे असतात, त्यामुळे ते नाव मी ठासून लिहिणार नाही. तांबूस मानेवर पट्टे पुसट दिसतात तेही बरोबरच आहे, पट्टे काळ्यावर उठून दिसतात, तांबड्यावर धूसर होतात.

अजून खात्री हवी असेल तर त्याला एकेरी तुऱ्याच्या साध्या कोंबड्यांमध्ये सोडा, तुरा एका प्रतीचा असेल तर साधारण निम्मी पिल्लं बुटक्या तुऱ्याची निघतील, आणि तुऱ्याशी संबंध न ठेवता एकूण निम्मी काबरी, आणि ह्यावेळी काबऱ्यांमध्ये तलंगाही असतील कारण आता पट्टे बापाकडून येतायत.

पाच हजारवाल्याला मात्र एकदा विचारा कशासाठी हवाय. झुंजीसाठी असेल तर देऊ नका, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ते गुन्हा आहे, आणि पायाला ब्लेड बांधलेला कोंबडा बघितलाय त्याला ते पाच हजार गोड लागत नाहीत.

प्रश्न: ठाण्यात रस्त्यावर विकायला आलेलं गुलाबी पिल्लू मुलीने हट्टाने घेतलं होतं. आता पांढराशुभ्र कोंबडा झालाय, उंच तुरा, बारीक शरीर, पहाटे सोसायटी जागी करतो. कोणती जात? (कासारवडवली)

उत्तर: गुलाबी रंग लावलेला होता, पिसं बदलली की तो जातो. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं नकोच असतात, तीच रंगवून स्वस्तात विकतात. उंच तुरा, सडपातळ अंग आणि कानाखालची पाळी पांढरी असेल तर लेगहॉर्न वळणाचा समजा. ब्रॉयलर असता तर दीड महिन्यात दोन किलोचा झाला असता आणि छाती रुंद दिसली असती. मानमोडीवरची (राणीखेत) लसोटा लस दिली नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, मानमोडीला तो शहरातला आहे का गावातला हे कळत नाही. आरवण्यावर औषध नाही. रात्री अंधाऱ्या, बंद खोक्यात हवेला भोकं ठेवून झोपवलात आणि उजाडल्यावर उशिरा काढलात तर शेजारी थोडे कमी चिडतील, तेवढंच.