मूक किंकाळी कशी करावी?

प्रश्न : आमच्या एकांकिकेत मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज ऐकून आई मूक किंकाळी फोडते. जर्मन रंगभूमीवरील अभिनेत्री हेलेने वायगेल ती कशी करत? – एक वाचक, परभणी

उत्तर : व्हिएन्नात १९०० साली जन्मलेल्या वायगेलबाई १९३३ पासून नाझी जर्मनीतून परागंदा होत्या. जानेवारी १९४९ मध्ये बर्लिनला त्यांनी नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या युद्धावरील नाटकातली आई, ‘मदर करेज’, उभी केली. मुलाला मारणारा गोळीबार ऐकू येताच मान मागे, तोंड पूर्ण उघडे, आवाज शून्य! ब्रेख्त यांच्या मते या मुद्रेचे मूळ बहुधा एका छायाचित्रात होते : सिंगापूरवरील तोफमाऱ्यात मुलाच्या प्रेताशी बसलेली भारतीय स्त्री. आपल्याकडे हा क्षण पार्श्वसंगीत मारते. ते बंदच ठेवा. आधी श्वास सोडा, मग तोंड उघडा. भरल्या छातीतून हुंदका निसटतो. तीन-चार सेकंद पुरेत.