पुण्यातल्या साठच्या दशकातल्या काँक्रीटच्या बंगल्याला वारसा म्हणायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एरंडवण्यात आत्याचा १९६१ सालचा बंगला आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर सपाट स्लॅब, रस्त्याच्या बाजूला गोल बाल्कनी. घरातले म्हणतात, वाडा असता तर जपला असता, ह्या काँक्रीटमध्ये जपायचं काय? मग ह्याला वारसा म्हणायचं का, आणि म्हटलं तर पुढे करायचं काय?

म्हणायचं, नक्की म्हणायचं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या काँक्रीटची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझं गेल्या सव्वीस वर्षांचं काम. ह्या इमारती कुरूप आहेत म्हणून पाडल्या जात नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता ठामपणे सांगू शकते. 'धोकादायक' हा शब्द कोणीतरी उच्चारतं, आणि तो खरा आहे का हे कोणी तपासत नाही. तिथेच त्यांचा निकाल लागतो.

१९६१ हे साल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरं गेली. पुढच्या काही वर्षांत जे पुणे उभं राहिलं, लोकमान्यनगर, गोखलेनगर, एरंडवण्याच्या गल्ल्यांमधली घरं, ते सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळातलं. प्रत्येक पोतं मोजून वापरलेलं. म्हणून भिंतीला जवळच्या खाणीतला काळा दगड, आणि काँक्रीट फक्त जिथे त्याच्यावाचून चालत नाही तिथे: स्लॅब, छज्जे, जिना. खिडकीवरचा तो पातळ लांब छज्जा शोभेचा नाही. चैत्र-वैशाखातलं डोक्यावरचं ऊन तो काचेवर येऊ देत नाही. जिन्याच्या भिंतीतली सिमेंटची जाळी वारा आत घेते आणि पाऊस बराचसा बाहेर ठेवते. वाड्याचा चौक जे काम करायचा तेच काम, नव्या साहित्यात. वाड्याला वारसा म्हणायचं आणि ह्याला नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

मोठी उदाहरणं पाहायची तर आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पाहा. विद्यापीठाच्या आवारातली ही इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची, नारळीकर सरांनी उभ्या केलेल्या संस्थेसाठी. बाहेरची भिंत खाली काळ्या बेसाल्टची, त्यावर त्याहून काळा कडप्पा, आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. काळ्यावर काळं, त्यावर पुन्हा काळं, अवकाशासारखं. मध्ये कुंड आहे, देवळापुढच्या कुंडासारखंच पायऱ्यापायऱ्यांचं. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा वाटलं, आधुनिक म्हणजे परकं असं आपल्याला कोणी शिकवलं? फारसं कोणाला माहीत नसतं, पण आगाखान पॅलेसमधल्या कस्तुरबांच्या समाधीचं कामही साठच्या दशकात कोरियांनीच केलंय. लोक महाल पाहतात आणि परत फिरतात.

आणि बालगंधर्व रंगमंदिर. कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते, उद्घाटन २६ जून १९६८ ला. मध्यंतरापुरतं त्या पायऱ्यांवर उभं राहून चहा प्यायला नाही असा नाटकवेडा पुणेकर विरळा. तरीही ते पाडून नवं संकुल बांधायचा विषय गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा वर येतो. ध्वनियंत्रणा, स्वच्छतागृहं, पार्किंग ह्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांच्यावरचे उपाय दुरुस्तीतही बसतात. त्यासाठी अख्खं रंगमंदिर पाडावं लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्या बाजूने फारसा नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली स्मारक ठरायला इमारत किमान शंभर वर्षांची लागते. महापालिकेच्या वारसा यादीत वयाची तशी अट महत्त्वाची नसते, पण यादी बहुतेक वाडे, मंदिरं आणि ब्रिटिशकालीन वास्तूंची. दिल्लीत प्रगती मैदानावरचं वास्तुविशारद राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शन-दालन १९७२ चं होतं. ते वारशाच्या वयात बसत नाही असं सांगितलं गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ते पाडलं. वय भरेपर्यंत इमारत टिकू द्यायची नाही आणि मग वय भरलं नाही म्हणायचं, ह्यातून काही वाचणं शक्यच नाही. उलट मुंबईत ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या, आणि त्यात तिथल्या रहिवाशांचा, नागरिकांच्या संघटनांचा वाटा मोठा होता. त्यातल्या बऱ्याच इमारती भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या फ्लॅटच्या आहेत, हे लक्षात घ्या.

आता माझ्या विषयाकडे येते. काँक्रीट ताजं असताना अतिशय अल्कलीयुक्त असतं, आणि तोवर आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, अल्कली कमी होत जाते. ती सळईपर्यंत कमी झाली की गंज सुरू. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटतं. त्या काळी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, बेताचं ठेवायचे, विशेषतः छज्ज्यांना, म्हणून आधी छज्जे जातात. लोक लोंबणारा छज्जा बघतात आणि म्हणतात इमारत गेली. छज्जा गेला म्हणजे कॉलम गेला असं नसतं. शिवाय पुण्यात समुद्राची खारी हवा नाही. मुंबईत क्षारांमुळे जे वीस वर्षांत होतं त्याला इथे पुष्कळ जास्त वेळ लागतो.

दुसरं नुकसान आपणच करतो. गच्ची गळली की जुना कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा जलरोधक थर) न काढता वर नवा कोबा, त्यावर फुटक्या टाइल्सचं चायना मोझेक, दहा वर्षांनी पुन्हा एक थर. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. एका बंगल्यात मी असे तीन थर मोजलेत. स्लॅब वाकला होता, आणि दोष मात्र १९६० च्या मिस्त्रीला दिला जात होता.

प्रभात रोडच्या एका गल्लीत १९६६ ची बारा फ्लॅटची इमारत होती. सोसायटीकडे दोन पानांचा अहवाल होता, त्यात एकही चाचणी नव्हती, निष्कर्ष मात्र 'राहण्यास अयोग्य'. एका सभासद काकांच्या आग्रहावरून आम्ही रीतसर तपासणी केली. कॉलमला बारीक भोक पाडून फिनॉल्फथॅलिन हे अल्कली ओळखणारं रसायन फवारलं. जिथे काँक्रीटमधली अल्कली अजून शाबूत असते तिथे ते गर्द गुलाबी होतं. बारा मिलिमीटरनंतर सगळं गुलाबी होतं आणि सळई त्याच्याही आत होती. काका तो गुलाबी रंग कितीतरी वेळ बघत राहिले. खराब होते ते संडासांच्या डक्टमधले बीम आणि सहा छज्जे. सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरून काढण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमागे एका नव्या स्कूटरपेक्षा थोडा जास्त आला असता. तरी मतदान रीडेव्हलपमेंटच्या बाजूने गेलं. तो त्यांचा हक्क होता, जादा खोली कोणाला नको असते. मला लागलं ते एवढंच, की निर्णयाच्या कागदावर कारण 'धोकादायक' असंच लिहिलं गेलं. ते खरं नव्हतं. आज तिथे पार्किंगचे तीन मजले आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते. आधी आत्याच्या कपाटात मंजूर नकाशा शोधा, नसेल तर महापालिकेत नकलेसाठी अर्ज करा. त्या काळच्या वास्तुविशारदांचे ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचे मूळ नकाशे, घरोघरच्या माळ्यांवरून थेट रद्दीत चाललेत, आणि ते गेले की इमारत वाचवायची कशी हेही कळत नाही. मग तपासणी करून घ्या, पण नुसतं बघून लिहिलेला अहवाल घेऊ नका. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक (आतल्या भेगा, पोकळ्या) आणि कार्बोनेशन (वरची गुलाबी रंगाची) ह्या तीन चाचण्यांचे आकडे खोलीनिहाय मागा, आणि पाडण्याच्या बोलण्याआधी दुरुस्तीचं अंदाजपत्रक लेखी घ्या. गच्चीवर नवा थर टाकू देऊ नका, जुने काढायला लावा. लोखंडी खिडक्या बदलून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवायचा आग्रह होईल. त्या बहुधा अर्ध्याच उघडतात, आणि मग एसी लागतो. दगडाला रंग लावू नका. मोझेकची फरशी घासून पॉलिश केली की नव्यासारखी होते, तिच्यावर टाइल चिकटवू नका.

वास्तुकलेच्या मुलांना मोजमाप घ्यायला बोलवा. पुण्यात महाविद्यालयं भरपूर आहेत आणि मुलांना खऱ्या इमारतीचा प्रकल्प हवाच असतो. गोल बाल्कनीचा कठडा, जिन्याचा हात, फाटकावरची सिमेंटची उठावाची अक्षरं, सगळं मोजून कागदावर येऊ दे. आत्या आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या: प्लॅन कोणी काढला, दगड कुठून आला, सिमेंटचं परमिट कसं मिळालं, पुराच्या दिवशी जोत्यापर्यंत काम झालं होतं की नाही.

गच्चीवरून कोबा काढायला सुरुवात कराल तेव्हा आधी स्लॅबला खालून टेकू द्या. हे कंत्राटदार हमखास विसरतो.