‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ या हॉलिवूडच्या चित्रपटातला वकील अशिलाला खोटं बोलायला शिकवतो, असं वाटत नाही का?

नाही, वाटत नाही. सत्तावीस वर्षं तालुका कोर्टात फौजदारी वकिली करतोय आणि हाच प्रश्न आमच्या दाजींनी प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नात मला विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मनात तो कोठडीतला प्रसंग असणार. वकील बिग्लर (जेम्स स्टुअर्ट) खुनाचा आरोप असलेल्या लेफ्टनंट मॅनियनला सांगतो की खुनात बचावाचे रस्ते चारच. खून नव्हताच. केला तो तुम्ही नव्हे. करायचा तुम्हाला कायद्याने हक्क होता. किंवा केलात, पण माफ करण्याजोगं कारण होतं. पहिले तीन तो स्वतःच बंद करतो आणि चौथ्यापाशी मॅनियनला उभा करतो. मग मॅनियनच चाचपडत ‘मला वेड लागलं असणार’ इथवर पोचतो.

१९९८ साली माझ्याकडे एक शेतकरी आला होता. बांधावरून भांडण, चुलतभावाचं डोकं फोडलेलं. बसल्याबसल्या म्हणाला, “साहेब, कुदळीचा दांडा घेऊन मीच गेलो होतो.” मी म्हटलं, थांबा, आधी कायदा ऐका. पहिला हात कुणी उचलला, त्याच्याजवळ काही हत्यार होतं का, यावर सगळं आहे. त्याने चंची काढली, पंख्याकडे बघत तंबाखू मळायला लागला. चिमूट तोंडात जाईपर्यंत चुलतभावाच्या हातात विळा आला होता.

दाजी तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले. शाळामास्तर माणूस, मला जेवायला घरी न्यायला आलेले. त्या दिवसापासून मी ‘साक्षीदार पढवणारा’.

आता पढवणं म्हणजे काय ते बघा. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत तिसऱ्या प्रश्नाला पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हणतो, आणि कोर्टालाही ते कळतं. मी त्या माणसाला कायदा सांगितला, गोष्ट नाही. पैसेवाल्याला कायदा आधीच ठाऊक असतो, तो जबाब देतानाच तोलून बोलतो. गरिबाने मात्र भाबडेपणाने सगळं ओकावं आणि वकिलाने ऐकून घ्यावं, अशी दाजींची न्यायाची कल्पना. (तो सुटला, पण विळ्यामुळे नव्हे. पंच फितूर झाले. हे दाजींना अजून सांगितलेलं नाही.)

हा चित्रपट मला खरा वाटतो कारण तो कोर्टातल्याच माणसांचा आहे. मूळ कादंबरी लिहिणारा जॉन व्होल्कर मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश, रॉबर्ट ट्रॅव्हर या नावाने लिहायचा. १९५२ च्या ज्या खटल्यावरून ती सुचली त्यात आरोपीचा वकील तोच होता. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरने १९५९ चा चित्रपट त्याच मार्क्वेट काउंटीच्या कोर्टात जाऊन केला. चित्रपटात न्यायाधीश झालेला जोसेफ वेल्च तर खराखुरा वकील, १९५४ च्या सुनावणीत जिथेतिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीला भर सभेत सुनावणारा. न्यायाधीशांनी विसरा म्हटलं तरी ऐकलेलं ज्यूरीने विसरायचं कसं, असं मॅनियन विचारतो, तेव्हा बिग्लर सरळ कबूल करतो की नाहीच विसरता येत. इतकं खरं बोलणारा वकील पडद्यावर क्वचित दिसतो.

तरी एक मान्य करतो. किती वेड लागलं होतं ते आठवून ठेवा, असं बिग्लर निघताना सांगतो, ते जरा जास्तच झालं. मी नसतं म्हटलं. आणि ‘अनावर ऊर्मी’चा (चूक कळत होती, पण स्वतःला आवरता आलं नाही, असा) त्याचा बचाव आपल्याकडे चालणार नाही. दंड संहितेचं जुनं कलम ८४ (आता न्याय संहितेचं २२) एवढंच विचारतं की काय करतोय, ते चूक आहे, हे कळण्याच्या स्थितीत माणूस होता का. ऊर्मी आवरली नाही, याला त्यात जागा नाही. मिशिगनमध्ये त्यासाठी १८८६ चा निकाल शोधून काढतात, ती धावपळ मात्र बघण्यासारखी.

शेवट फुटू नये असं वाटत असेल तर इथेच थांबा. मागच्या दिवाळीत दाजींना मुद्दाम लॅपटॉपवर लावून दिला. दोन तास चाळीस मिनिटांचा चित्रपट, ते कोठडीच्या प्रसंगाआधीच घोरायला लागले. जागे झाले ते शेवटी, सुटलेला मॅनियन फी न देता बायकोसह पसार होतो तिथे. पोट धरून हसले. मग विचारलं, “त्या विळेवाल्याने तुझे दिले का रे?”

ठरले होते सहा हजार. दोन आले.