जुन्या एमएक्स-५ ला मडगार्ड लावू का नको?

प्रश्न: सर नमस्कार, मी सात वर्षं इंग्लंडमधे लेस्टरला आहे, नोकरी इथेच. मागच्या उन्हाळ्यात हौसेने सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली, २००१ चं मॉडेल, १.८ इंजिन, निळी. गाडी झकास आहे पण पावसात काढली की पुढच्या चाकातून चिखल आणि बारीक खडे उडून दाराखाली बसतात, तिथला रंगही उडायला लागलाय. बायको म्हणते सरळ मडगार्ड लावून टाक, गावाकडे बाबांच्या गाडीला होते तसे. इथला एक मित्र म्हणतो स्पोर्ट्स कारला मडगार्ड म्हणजे शेरवानीखाली गमबूट. त्यात या गाड्या गंजतात म्हणून जो तो घाबरवतो. लावले तर गंज थांबेल का?

उत्तर: पावसाळ्यात लग्न असेल तर मी शेरवानीखाली गमबूटच घालीन, त्यामुळे दिसण्याचा विषय इथेच संपवू.

आता गंजाचं. मडफ्लॅप (आपण मडगार्ड म्हणतो तेच) हे खड्यांवरचं औषध आहे, गंजावरचं नाही. पुढच्या चाकाचे खडे सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, पुढच्या टोकावर बसतात, तिथे पुढचे फ्लॅप खरंच कामाचे. पण ही गाडी कुजते ती मागच्या चाकाच्या जरा पुढे, सिल जिथे चाकावरच्या कमानीला मिळतं तिथे, आणि बहुतेक वेळा आतून. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या पन्हळीत उतरतं आणि दोन बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली जातं, गाडी झाडाखाली उभी असली की पानं, शेवाळ, काय काय त्या नळ्यांत अडकतं, पाणी तुंबतं आणि सिलमधे जाऊन बसतं. बाहेरून रंग चकचकीत, आत पत्र्याचा पापड.

म्हणून आधी एक करा. छत उघडा, सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत अर्धा अर्धा तांब्या पाणी हळूहळू ओता आणि वाकून बघा, मागच्या चाकाच्या पुढे लगेच धार लागली पाहिजे. नाही लागली तर नळी चोंदलीय. गवत कापायच्या मशीनची प्लॅस्टिकची दोरी असते ना, ती हलक्या हाताने घालून मोकळी करा, लोखंडी तार नको, नळीलाच भोक पडेल. तुमच्या एमओटीत (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंमीच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालेला दिसला की गाडी नापास, आणि मग वेल्डिंगचं बिल आलं की फ्लॅपची किंमत विसरून जाल.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. शेफील्डला असताना माझ्याकडेही हीच गाडी होती आणि मी चारही फ्लॅप लावले, मागच्या कमानीच्या कडेला ड्रिल मारून, साधे स्क्रू. दोन हिवाळे गेले. तुमच्याकडे बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर जे खडेमीठ टाकतात ना, ते आणि चिखल फ्लॅपच्या मागे जाऊन बसतं आणि तिथे वारा लागत नाही, एप्रिलमधे आठवडाभर कोरडं ऊन होतं तरी फ्लॅप काढला तेव्हा आतला चिखल बोटाला ओला लागला आणि स्क्रूबरोबर नखाएवढा पत्रा सुटून आला. तेव्हापासून मागच्या फ्लॅपचं नाव काढत नाही. तसेही ते रिव्हर्स घेताना फुटपाथच्या कडेला अडकून फाटतात, आणि फायदा मुख्यतः मागून येणाऱ्याला.

तर पुढचे दोन लावा, मागचे सोडा. नवीन भोक पाडायचं नाही, चाकाच्या कमानीला आतून जे प्लॅस्टिकचं अस्तर (लायनर) असतं त्याचे जे स्क्रू आहेत त्याच जागी बसवायचे. रबर मऊ आणि आखूड घ्या, नाहीतर तिकडच्या स्पीड बम्पवर घासेल. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा टायर लागतोय का, आधीच्या मालकाने रुंद टायर टाकले असतील तर हमखास लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी काढून मागून पाण्याने धुवा, हे जमणार नसेल तर लावूच नका. रंग उडालेल्या जागी मात्र लगेच प्रायमर आणि टचअप. आणि सिलच्या आत मेणाचा स्प्रे मारून घ्या, पण उन्हाळ्यात, सिल आतून पूर्ण सुकल्यावर, ओल्यावर मारला तर पाणी आतच कोंडलं जाईल.

प्रश्न: माझ्याकडे जुनी सॅन स्टॉर्म आहे, ती दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, मडगावात. फायबरची बॉडी, मग मडफ्लॅपची गरजच काय?

उत्तर: वा, अजून चालू आहे हे वाचूनच बरं वाटलं! बॉडी गंजत नाही हे खरं, पण खडे लागून फायबरवरचा थर तडकतो, त्यामुळे पुढचे लावाच. फक्त स्क्रू सरळ फायबरमधे पिळू नका, भोकाभोवती तडा जातो. मागून मोठा वॉशर आणि मधे रबर घालून नट-बोल्टने बसवा, आवळताना हात आखडता ठेवा. आणि ब्रेकचे पाइप लोखंडीच असतात, गोव्याच्या खाऱ्या हवेत ते पावसाळ्याआधी एकदा खाली झोपून बघून घ्या.